गावच्या सड्यावर पवनचक्की येतेय, सही करू का?

मागच्या अंकात वारस नोंदीबद्दल लिहिलं आणि त्यावर जी पत्रं आली ती वाचताना लक्षात आलं की बरेच जण एकच गोष्ट विचारतायत. राहायला कोपरखैरणे, कळवा, डोंबिवली, आणि जमीन पाटणला, साक्रीला, जतला. आणि आता त्या जमिनीवर पवनचक्कीवाले आलेत. त्यामुळे या वेळचं सदर सगळं याच विषयावर. नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी वाशी मार्केटला माथाडी आहे, राहायला कोपरखैरण्याला. गाव पाटण तालुक्यात वरच्या अंगाला. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, आमची सामाईक 9 एकर आहे, वडील वारले, आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. मागच्या रविवारी गावाकडचाच ओळखीचा माणूस कंपनीच्या साहेबाला घेऊन घरी आला. 29 वर्षांचा करार आहे म्हणाले, एक चेक पण ठेवून गेलेत. बहिणींच्या सह्या लागत नाहीत, ठाण्यातच नोंदणी करून देतो, आठ दिवसात सांगा नाहीतर शेजारच्या गटात जाऊ असं म्हणतात. सड्यावर तसंही काही पिकत नाही. भाव बरोबर आहे का एवढंच सांगा.

दादा, सगळ्यात आधी, तो चेक बँकेत भरू नका. पाकिटात घालून कपाटात ठेवा. चेक वटला की उद्या ते म्हणणार यांनी इसार घेतला, व्यवहार पक्का झाला, मग तुम्ही कितीही सांगा की सही केली नव्हती, निस्तरायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आता भावाचं. तुम्ही भाव विचारलात, जवळपास सगळेच तेवढंच विचारतात, पण मला तुमच्या पत्रातलं "29 वर्षं" जास्त टोचतंय. सही केल्यावर पंखा उभाच राहिला नाही तर काय? हे आधी विचारा. कंपनी एका पट्ट्यात पुष्कळ जमिनी बांधून ठेवते, मग मोजमाप होतं आणि त्यातल्या मोजक्याच जागी पंखे उभे राहतात. बाकीच्यांची जमीन कागदावर अडकून पडते, ना भाडं धड, ना विकता येत, ना कुणाला देता येत. त्यामुळे दोन कागद वेगळे करायला सांगा. पहिला फक्त वारा मोजण्याचा, दोन किंवा फार तर तीन वर्षांचा, त्याचं वेगळं भाडं, आणि मुदत संपली की आपोआप रद्द, तुम्हाला नोटीस पाठवायची पण गरज नको. आपल्याकडे सड्यावरचा खरा वारा जून ते सप्टेंबरचा, पण कंपनीला वर्षभराचे आकडे लागतात म्हणून तो मोजणीचा उंच खांब निदान एक वर्ष उभा असतो. त्याच्या तारा चहूबाजूंनी लांबवर ताणून जमिनीत ठोकतात, म्हणजे खांबाचं बूड लहान पण जागा बरीच जाते, हे पण भाड्यात धरा. मोजून झाल्यावर जागा पक्की झाली तरच मोठा भाडेपट्टा करायचा.

"सड्यावर काही पिकत नाही" हे तर तुम्ही चुकूनही त्या साहेबासमोर बोलू नका. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे न पिकणारी जमीन, लिहिलाय म्हणून ते तुम्हाला खडकाचा भाव देणार, पण ते खडकासाठी आलेलेच नाहीत. उघडी, उंच, वाऱ्याच्या तोंडावरची जागा त्यांना हवीय आणि ती खाली काळ्या रानात मिळत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते, एवढं त्या उंचीला महत्त्व आहे. म्हणून तर वनकुसवडे, चाळकेवाडी या पठारांवर पंचवीस वर्षांपूर्वीच पंखे आले.

हिशोब असा करून बघा. समजा 3 मेगावॅटचा एक पंखा आहे आणि वर्षभरात त्याने क्षमतेच्या 30 टक्के वीज दिली, तर वर्षाला साधारण 79 लाख युनिट होतात. म्हणजे प्रत्येक युनिटमागे फक्त 1 पैसा जमीनमालकाला म्हटलं तरी वर्षाला 79 हजार रुपये. हा आकडा खिशात ठेवून बोलायला बसा. भाडं एकरावर न मागता मेगावॅटवर मागा, कारण उद्या तेवढ्याच जागेत त्यांनी मोठा पंखा बसवला तर एकराचं भाडं तेवढंच राहतं आणि मेगावॅटचं वाढतं. आणि वाढीचं कलम नीट वाचा. दरवर्षी 5 टक्के वाढ असेल तर 25 व्या वर्षी भाडं सव्वातीन पट झालेलं असतं, पण दर तीन वर्षांनी 5 टक्के असेल तर ते दीडपट पण होत नाही. बोलताना दोन्ही "पाच टक्के"च ऐकू येतं, बघा.

बहिणींच्या सह्या लागत नाहीत हे साफ खोटं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीने तो दिलाय, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने हे पण स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्यामुळे पाच जणांची जमीन तीन जण मिळून देऊ शकत नाहीत, दिलीच तर फक्त आपापल्या हिश्श्यापुरती, आणि सामाईक असेपर्यंत तो हिस्सा कुठला हे कुणी सांगायचं? कंपनीला हे माहीत असतं. पुढे वाद झाला तर "मालकाने हक्काची खोटी हमी दिली" या कलमाखाली भाडं थांबवतात, म्हणजे भांडण तुमच्या घरात आणि पैसे त्यांच्याकडे. बहिणींना आजच फोन करा, कागद आल्यावर नाही.

ठाण्यात नोंदणी करून देतो हे पण डोळे मिटून मान्य करू नका. जमिनीचा दस्त मुळात ती जिथे असेल तिकडच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, तुमच्या बाबतीत पाटणकडे. ठाण्यात किंवा वाशीला सहज होतं ते मुखत्यारपत्र, आणि मला दाट शंका आहे की तुमच्यापुढे सहीला तेच येणार आहे. मुखत्यारपत्र कंपनीच्या माणसाच्या नावाने कधीच देऊ नका. गावाला जाणं जमत नसेल तर सख्ख्या भावाला द्या, त्यात "फक्त अमुक गटाचा भाडेपट्टा, विक्रीचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार नाही" असं लिहा. आणि "रद्द न करता येणारे" हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतेय तर माझं आजोळ पण त्याच बाजूचं. मामाने 25 वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर सही केली होती. "भाड्यानं दिलंय" असं तो सगळ्यांना चार वर्षं सांगत होता, मिळालेल्या पैशातून घरावर कौलं घातली होती. एका गणपतीत मी गेले, तेव्हा मला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती, म्हणून त्याने कौतुकाने पत्र्याच्या पेटीतली प्लास्टिकची पिशवी काढली, रेशनकार्डाच्या खाली ते कागद होते. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, कायम खरेदीखत. मामा सातवी शिकलेला, त्याला वाचता येत होतं, पण त्याला कुणी वाचू दिलंच नव्हतं, शेवटचं पान उघडून बोट ठेवून इथे सही म्हणाले होते. मी ते त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, उठून गोठ्यात गेला. त्याच्या जमिनीत पंखा पण नाही, नुसता मुरमाचा रस्ता आणि क्रेनसाठी दाबून सपाट केलेला चौकोन आहे, तिथे आजही धड गवत उगवत नाही. आजी तिथे नाचणी करायची.

तेव्हा दादा, मसुदा मराठीत मागा, घरी ठेवून घ्या, पाचही भावंडं एकत्र बसून वाचा. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवलेलाच हवा, नोटरी चालत नाही. स्टॅम्प ड्युटी भाड्याने घेणाऱ्याने भरायची. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर कूळ कायद्याच्या कलम 63 चं बंधन आहे, त्यासाठी जी काही परवानगी लागेल ती आणायची आणि बिगरशेती आकारणी लागली तर ती भरायची जबाबदारी कंपनीची, हे दस्तात लिहून घ्या. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारच्या अटींवर मिळालेली असेल, कोयना प्रकल्पग्रस्त म्हणून मिळालेली बऱ्याचदा तशीच असते, तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय काहीच करू नका. देवस्थान इनाम असेल तर विषयच वेगळा, आधी मला सातबारा पाठवा. कंपनी बँकेकडून कर्ज घेताना भाडेपट्ट्याचे हक्क तारण ठेवते, ते चालेल, पण "जमीन तारण नाही" हे वाक्य पाहिजे. आणि मुदत संपल्यावर पंखा उतरवून नेणं, पाया निदान मीटरभर खोल फोडून काढणं, वरची माती परत पसरणं, आणि त्यासाठी बँक गॅरंटी. तोंडी शब्दाचा काही उपयोग नाही, कारण 29 वर्षांनी तो शब्द देणारा माणूसही तिथे नसेल आणि कदाचित ती कंपनीही नसेल.

आठ दिवसांच्या घाईचं म्हणाल तर, ज्यांना वारा मोजायला वर्ष लागतं त्यांना तुम्ही महिनाभर थांबवलंत तर काही बिघडत नाही.

प्रश्न : माझं माहेर सांगली जिल्ह्यात, सध्या ऐरोलीला राहते. भावाने मला न विचारता आमची जमीन पवनचक्कीला दिली असं चुलत बहिणीकडून कळलं. सातबाऱ्यावर माझं नाव इतर हक्कात आहे. भावाशी भांडायचं नाहीये पण वाईट वाटतं. काही करता येईल का?

ताई, वाईट वाटणारच. आणि हक्काची माहिती काढणं म्हणजे भावाशी भांडणं नव्हे, हे आधी मनातून काढून टाका.

इतर हक्कात नाव ही आपल्याकडची जुनी खोड आहे. वारस नोंद करताना मुलग्यांना कब्जेदार सदरात घालायचं आणि मुलींना उजवीकडच्या इतर हक्काच्या रकान्यात सरकवायचं. त्याने तुमचा हिस्सा कमी होत नाही, पण कंपनीचे लोक फक्त डावीकडची नावं बघून सह्या घेतात, आणि मग असं होतं.

आधी नक्की काय झालंय ते बघा. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून सूची क्रमांक 2 काढता येते, त्यात दस्ताचा प्रकार, तारीख, मोबदला सगळं दिसतं. भाडेपट्टा आहे की मुखत्यारपत्र की खरेदी, ते कळल्याशिवाय भावाला फोन करू नका, कारण कदाचित त्याला स्वतःलाच माहीत नसेल आपण कशावर सही केली. मग सरकारच्या "आपली चावडी" या वेबसाइटवर गावाचं नाव टाकून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, प्रलंबित आहे का बघा. नोंदीची नोटीस निघाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत देता येते, ती दिली आणि पोच घेतली की नोंद लगेच मंजूर होत नाही, सुनावणी लागते. मुदत गेली असेल तरी प्रांताकडे अपील आहे.

आणि कंपनीला रजिस्टर पोस्टाने एक पत्र लिहा, साध्या मराठीत, की या गटात माझा हिस्सा आहे, माझी संमती घेतलेली नाही. माझा अनुभव आहे की बरेचदा कोर्टाच्या आधी या पत्रानेच काम होतं. बँकेला जमिनीच्या हक्कांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ लागतो, म्हणून कंपनीच धावत येते आणि तुम्हाला पण करारात घ्यायला तयार होते. त्या वेळी भाऊ किंवा कंपनी तुमच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवेल, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणून. ते फॉर्मॅलिटी नाहीये, त्याने तुमचा हक्क कायमचा संपतो. भावावर कितीही माया असली तरी ते भाड्याच्या करारासोबत एका बैठकीत करू नका. पुढे मनापासून द्यावंसं वाटलं तर द्या, तो तुमचा निर्णय. भाडं मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जाईल असं लिहून घ्या, एकाच्या खात्यात येऊन नंतर वाटायचं हे सुरुवातीला गोड वाटतं आणि तिसऱ्या वर्षी घर फोडतं.

प्रश्न : आमच्या सातारच्या जमिनीत 2002 पासून लहान पवनचक्की आहे. आता दुसरीच कंपनी म्हणते जुनी काढून मोठी बसवायचीय, जुन्या कराराला फक्त एक पुरवणी जोडू. भाडं वाढणार म्हणतात. मी कळव्याला असतो, सही करू का?

पुरवणीवर नको, नवीन करार करा. त्या काळी 350 किलोवॅटचे वगैरे पंखे बसवले, त्यांचं आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षं धरलेलं असतं, म्हणजे तुमचं यंत्र आता थकलंय. केंद्र सरकारनेही डिसेंबर 2023 मध्ये अशा जुन्या पवनचक्क्या बदलण्याचं नवीन धोरण काढलं, त्यामुळे आता असे बरेच लोक दार ठोठावणार आहेत. पुरवणी जोडली की 2002 मधली सगळी कमकुवत कलमं आणखी 25 वर्षं तुमच्या मानगुटीवर बसतात.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. मोठा पंखा म्हणजे जास्त अंतर. एकाच्या मागे दुसरा फार जवळ असला तर पुढचा मागच्याचा वारा खातो, म्हणून साधारण पात्याच्या घेराच्या व्यासाच्या पाचपट एका बाजूला आणि वाऱ्याच्या दिशेने सातपट असं अंतर धरतात. जुना 50 मीटर व्यासाचा असेल तर 250 आणि 350 मीटर, आणि नवा 140 मीटरचा असेल तर 700 आणि 980 मीटर. हिशोब बघा, जिथे जुने सातआठ उभे होते तिथे नवा एकच. मग तो तुमच्याच जमिनीत येणार आहे का? नकाशा मागा, गट नंबरासकट. तुमच्याकडे येणार नसेल तर तुम्हाला वाढीव भाड्याचा काही संबंध उरत नाही, तेव्हा जुना सांगाडा आणि पाया काढून जमीन परत करायची तारीख लिहून घ्या. आणि ही दुसरी कंपनी पहिलीच्या जागी कशी आली, त्याचा नोंदवलेला हस्तांतरण दस्त बघितल्याशिवाय तिच्याशी कुठलाच कागद करू नका.

प्रश्न : पंखा शेजारच्या जमिनीत आहे, आमच्यातून फक्त रस्ता आणि वायरचे खांब जाणार. साक्री तालुका, मी डोंबिवलीला. काही मिळतं का?

मिळतं, आणि मागायलाच पाहिजे. मोठ्या पंख्याचं एक पातं 60-70 मीटर लांब असतं, ते वळवायला रस्त्याला मोठा कोन लागतो, बांध फोडावा लागतो, पावसाचं पाणी वळतं. रस्ता "कामापुरता" की कायमचा ते लिहून घ्या, नाहीतर इतर हक्कात वहिवाटीची नोंद होऊन बसते.

खांबांचं असं की पंख्यापासून सबस्टेशनपर्यंतची लाइन बहुतेक 33 केव्हीची असते, तिथे तुमचा करार म्हणजेच तुमचा मोबदला, त्यामुळे काम सुरू होण्याआधी बोला. सबस्टेशनपासून पुढची 66 केव्ही किंवा त्याच्या वरची मोठी पारेषण लाइन असेल तर केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. 2015 च्या सूचनेत टॉवरच्या चार पायांखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत होतं, जून 2024 मध्ये ते 200 आणि 30 टक्के केलं. राज्याचा सध्याचा जीआर कलेक्टर कार्यालयातून मागून घ्या, मोबदला त्यावर ठरतो. उभ्या पिकाचं नुकसान वेगळं, त्याचा पंचनामा तलाठ्यासमोर आणि तुमच्या हजेरीत झाला पाहिजे, तुम्ही डोंबिवलीला आणि पंचनामा साक्रीत असं होऊ देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी मोबाइलवर सगळ्या बांधांचे फोटो काढून ठेवा, एक दिवस सुट्टी टाकून जाच.

प्रश्न : पवनचक्कीचं भाडं शेतीचं उत्पन्न म्हणून करमुक्त का?

नाही. जमीन शेतीची असली तरी हे भाडं शेतीतून आलेलं नाही, त्यावर कर लागतो आणि कंपनी टीडीएस कापू शकते. पॅन द्या, दरवर्षी रिटर्न भरा, उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेले पैसे परत मिळतात. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचे हे पैसे तसेच सरकारजमा राहतात, म्हणून शहरातल्या मुलांनी आईवडिलांचं रिटर्न भरायचं काम अंगावर घ्या.

प्रश्न : घोडबंदरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर खाडीचा मस्त वारा असतो, छोटी पवनचक्की बसवावी का?

नका बसवू. इमारतींमधून येणारा वारा तुटक असतो, गरगरत येतो, आणि वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. वर आवाज आणि हादरे स्लॅबला. तेच पैसे गच्चीवरच्या सोलरला घाला.

ज्यांना सातबारा, आठ अ किंवा मसुदा दाखवायचा असेल त्यांनी झेरॉक्स पाठवा, मूळ कागद पाठवू नका, आणि सगळी पानं पाठवा. मागच्या वेळी तिघांनी फक्त शेवटचं, सहीचं पान पाठवलं होतं.